दुमागेतेचं पाणी

सोहार,
२ मार्च २०२५

प्रिय दादा,

ब्रिजेटचा जय येशू. वहिनीला आणि बाप्तिस्तकाकांनाही.

मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. कालपासून रमजान लागला. शाळा लवकर सुटते, वाचनालयात कुणी फिरकत नाही, मी पुस्तकांची धूळ झटकते आणि घरी येते. तू लावून गेलेली पपई अजून फळ धरते. माझ्या अर्बाबची, म्हणजे घरमालकाची, बायको खुदेजा दर आठवड्याला येऊन एक पिकलेली नेते आणि तुझी चौकशी करते. ती अजून तुला 'मिस्टर कोनरा' म्हणते.

हे पत्र सांडोरच्या ब्रेंडनच्या हाती पाठवते आहे. तो गुरुवारी घरी पोहोचेल. तू म्हणालास, फोनवर काही नको. घर पाहून आलेल्या माणसाने काय पाहिलं ते वडीलधाऱ्यांसमोर सांगायचं असतं, आणि येता येत नसेल तर लिहून पाठवायचं, म्हणजे घरात मोठ्याने वाचता येतं. तेव्हा मोठ्याने वाच. काकांना कमी ऐकू येतं म्हणून वाक्यं लहान ठेवते. मध्ये घडी घातलेलं एक पान निघेल. ते माझ्या बँकेच्या कामाचं आहे. ते बाजूला ठेव.

काका, तुमच्यासाठी पहिल्यापासून सांगते. कॅन्डिसला ज्या मुलाशी लग्न करायचं आहे तो रोनेल. तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. फिलिपिन्सचा आहे, आपल्यासारखाच कॅथलिक. इथली नोकरी संपली की दोघं त्याच्या गावी राहायला जाणार. गावाचं नाव दुमागेते. कॅन्डिस म्हणते, डॅडी हो म्हणाले तर लग्न, नाही तर नाही, मी पळून-बिळून जाणारी नाही. दादा म्हणाला, घर पाहिल्याशिवाय हो नाही. खरं तर मुलीच्या बापाने आणि काकाने जायचं. पण वसईहून तिथे कोण जाणार? मी तशीही परदेशात होते, म्हणून मी गेले.

निघताना कॅन्डिस म्हणाली, "आत्या, तिकडे जाऊन विहीर-बिहीर विचारू नकोस हं. ते लोक म्हणतील वॉटर इन्स्पेक्टर आली."

मी म्हटलं, "विचारणार."

"बघ डॅडीची बहीण." हे तिने रोनेलला इंग्रजीत सांगितलं. तो हसला आणि माझी बॅग गाडीत ठेवली. बॅगेत वहिनीने पाठवलेली सुकेळी होती, केळीच्या सोपात बांधलेली. घर पसंत पडलं तरच ती तिथे द्यायची.

मनिलाहून पुढे लहान विमान. उतरताना एका बाजूला डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या पट्टीत शहर. दादा, सहमकडून सोहारला येताना आपल्याला दिसतं तसंच आहे: डोंगर, पट्टी, पाणी. इथे जे करडं आहे ते तिथे हिरवं. माड इतके की घरं मोजता येत नाहीत.

शहर मोठं नाही. वसई गावाहून मोठं आणि विरारहून लहान, असं समजा. रिक्षाला ते लोक पेडिकॅब म्हणतात, पण पॅडल नाही. मोटरसायकलला बाजूने टपरी जोडलेली असते आणि तिच्यात शाळेतली मुलं, कोंबडी, तांदळाचं पोतं आणि मी अशी सगळी एकदम बसतो. चालक कुठे जायचं आहे ते विचारतो आणि आवडलं तर नेतो. आवडलं नाही तर मान हलवून जातो. भांडत नाही. त्या गावात मी कुणाला भांडताना पाहिलं नाही. भांडत असतील, माझ्यासमोर भांडले नाहीत.

समुद्राच्या कडेने एक लांब रस्ता आहे. त्याच्यावर जुनी, रुंद झाडं आहेत, फांद्या रस्त्यावरून पलीकडे जातात. संध्याकाळी सगळं गाव तिथे येऊन बसतं. काही करत नाही. बसतं. कॉलेजची मुलं तळलेल्या मासळीच्या कांड्या व्हिनेगरमध्ये बुडवून खातात. म्हातारे गोरे पुरुष आपापल्या बायकांबरोबर फिरतात. त्यांच्याबद्दल मी मत बनवलं नाही. समोर बेटं दिसतात, बोटी सुटतात. सोहारच्या किनाऱ्यावरही लोक असे बसतात, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला कुठेतरी परत जायचं असतं. दुमागेतेच्या माणसांना तिथेच राहायचं आहे, हे बसण्यावरून कळतं.

रस्त्याच्या वरच्या अंगाला विद्यापीठ आहे, शंभर वर्षांहून जुनं. म्हणून गावात विद्यार्थी खूप आणि म्हातारी माणसं खूप. मधल्या वयाची कमी. ती माझ्या ओळखीची आहेत. ती सोहारच्या बंदरात आहेत, मस्कतच्या हॉटेलांत आहेत, सीबमध्ये लोकांची मुलं सांभाळतात. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून झालेली घरं गल्लीत लगेच ओळखू येतात. त्यांना दोन मजले असतात आणि वरचा मजला बंद असतो. काका, हे तुम्हाला आपल्या भुईगावातही दिसेल.

चर्च मोठं आहे, बाजूला दगडी मनोरा आहे. त्याची गोष्ट मला मिस पुरा यांनी सांगितली. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, मी त्यांच्या घरी एक खोली भाड्याने घेतली होती. त्या म्हणाल्या, पूर्वी समुद्रावरून लुटारू यायचे आणि माणसं उचलून न्यायचे. बायका, मुलं. घार पिल्लू उचलते तसं. त्यांच्या भाषेत त्या झडपेला जो शब्द आहे, त्यावरूनच गावाला नाव पडलं असं म्हणतात. मग लोकांनी मनोरा बांधला. वर माणूस बसायचा. होड्या दिसल्या की घंटा. आता मनोऱ्याच्या पायथ्याशी बायका रंगीत मेणबत्त्या विकतात आणि वर कुणी बसत नाही. ज्या गावाची मुलं पळवली जायची ते गाव आज स्वतःला मवाळ माणसांचं शहर म्हणवून घेतं. पाटीवर तसं लिहिलेलं आहे. मला आधी हसू आलं. चार दिवसांनी आलं नाही.

मिस्साला गेले. भाषा कळली नाही, मिस्सा कळली. माझ्या मागे बसलेल्या एका पोरीने उठताना माझा हात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. मी तिची कुणी नव्हते. तिथे सगळी मुलं सगळ्या म्हाताऱ्यांचा हात असा कपाळाला लावतात. काका, तुम्ही तिथे दिवसभर हात पुढे धरून बसाल.

वाईटही लिहिते. वीज जाते. कुत्री फार. तीन वर्षांपूर्वीच्या वादळाने उडवलेले पत्रे अजून काही घरांवर परत आलेले नाहीत, त्या जागी निळं प्लास्टिक आहे. ओढ्याकाठच्या भिंतींवर पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या रेषा आहेत. मुलगी तिथे द्यायची तर हे माहीत असलं पाहिजे.

आता घर.

रोनेलचे वडील नाहीत. बोटीवर इंजिनाचं काम करायचे, छातीच्या आजाराने गेले. आई आहे, नेनिता. तिचं बाजारात दुकान आहे, दुकान म्हणजे एक फळी आणि दोन बाकं. आपल्या वरीसारखं एक धान्य नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात वळतात आणि उकडतात. पातोळ्याची बहीण म्हणा. सोबत कोकोचं दाट, गरम पेय. पहाटे कोळी, रिक्षावाले, नर्सा, सगळे त्या बाकांवर खांद्याला खांदा लावून खातात. मी दुसऱ्या दिवशी ओळख न देता तिथे जाऊन उभी राहिले. पाहायला गेलं की आधी लांबून पाहायचं, हे आईने शिकवलेलं. एका म्हाताऱ्याकडे सुटे नव्हते. नेनिताने हाताने त्याला जा म्हटलं आणि पुढच्याकडे वळली. त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही, म्हणजे त्याला लाजायला वेळच दिला नाही. मी न खाता परत आले.

तिसऱ्या दिवशी रीतसर घरी गेले. गावाच्या उत्तर टोकाला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. खाली सिमेंट, वर लाकूड. अंगण झाडलेलं. केळी आहेत, एक आंबा आहे, कोपऱ्यात हातपंप आहे. दारात नेनिता, आणि तिचा दीर दोदोंग. तो चौदा वर्षं सौदीला होता. मलबारी आणि पठाणांबरोबर काम करून त्याला आपली आखातातली हिंदी येते. मी इंग्रजी काढायच्या आधी तो म्हणाला, "सिस्टर, यल्ला, अंदर आओ. ये तुमारा घर, सेम सेम."

फिलिपिन्समध्ये, केळीखाली उभं राहून, मी ती हिंदी ऐकली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. आपलं घर नक्की कुठे आहे, दादा, कुणास ठाऊक.

टेबल भरलेलं होतं. मी हात लावला नाही. आपली रीत मी दोदोंगला सांगितली: मुलीकडचं माणूस बोलणी होईपर्यंत घास घेत नाही. आधी घरचं पाणी पितं, विहिरीचं. मग बसतं.

"पानी?" तो आनंदाने उठला. बाटलीबंद पाणी आलं. मी म्हटलं, हे नाही, तुमच्या अंगणातलं. त्याने नेनिताकडे पाहिलं. ती आत गेली आणि शहाळं फोडून घेऊन आली.

"दोदोंगभाई, हातपंपाचं."

"नो, नो, सिस्टर. वो पानी माफी झेन." काका, माफी झेन म्हणजे चांगलं नाही. "वो कपडा धोने का, झाड का. पीने का पानी दुकान से आता, नीला डबा. मेहमान को पंप का पानी देगा तो मेरा भाई कबर से उठेगा."

"आमची रीत आहे."

"हमारा भी रीत है."

दोघंही हट्टी. मी पंपाचं मागते, ते शहाळं पुढे करतात. त्यांना वाटलं, ही आपल्याला कंजूष समजते, बाटलीच्या पाण्याचा खर्च नको म्हणून पंपाचं मागते. मला वाटलं, काहीतरी लपवतायत. शेवटी मी काही न पिता उठले. उपाशी, तहानलेली. नेनिता दारापर्यंत आली, तिच्या हातात शहाळं तसंच होतं.

फाटकाशी दोदोंगने विचारलं, "सिस्टर, एक बात. तुम पहले क्यूं आया?"

"म्हणजे?"

"लडकी का घर पहले नहीं आता. हम जाता. हमारा पूरा फॅमिली जाता, खाना लेके जाता, मांगता. तुम आया, तो हमारा गली में सब बोलेगा, इनको पैर नहीं था क्या?"

त्यांच्यात मुलाकडचे सगळे मुलीच्या घरी जातात आणि मुलगी मागतात. त्याला मोठं नाव आहे, मोठा मान आहे. मुलीकडून कुणी आधी येणं म्हणजे मुलाकडच्यांना हलवून जागं करणं. मी घर पाहायला गेले होते आणि त्यांच्या दारात त्यांना लाजवून आले. काका, ही चूक माझी. तुमच्या वतीने निघताना मी फक्त आपली रीत घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला मिस पुरांनी माझं दार वाजवलं. म्हणाल्या, खाली पाहा.

खाली फाटकापाशी पेडिकॅबची रांग होती. नेनिता, दोदोंग, एक फार म्हातारी आजी, चुलतभावंडं, बाजारातल्या दोन बायका, झाकलेली पातेली, एक भाजलेलं डुक्कर, पोरं. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. कुणी आत पाऊल टाकत नव्हतं. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, त्यांना मीही बोलावलं नव्हतं. मिस पुरांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या दिवाणखान्याचं दार उघडलं. म्हणाल्या, "आज हे घर तुझं. तू मुलीची आई, बाप, जे असशील ते. त्यांना आत घे."

मी दारात उभी राहिले. इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांत राहिले, कुणाला आत घेणारी मी कधी नव्हते. म्हटलं, या.

दोदोंग पुढे झाला. त्याच्या हातात झाकण लावलेली काचेची बरणी होती, वर पांढरा रुमाल बांधलेला. तो म्हणाला, "सिस्टर, तुमारा रीत. पंप का पानी. भाबी ने उबाला, कपडे से छाना. कल रात हम सब बात किया. तुम मांगा, हम नहीं दिया, वो गलत." मग तो हात जोडल्यासारखा उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. मिस पुरांनी मला सांगितलं, तो म्हणतो आहे, आमच्या रोनेलसाठी तुमची मुलगी मागायला आलो आहोत.

पेला आणला. सगळे बघत होते.

मी पाणी प्यायले. सगळा पेला.

*

दादा, हे पान बँकेचं नाही. तुझ्या एकट्याचं आहे. काकांना सांग, व्याजाचं काही कळवलं आहे.

पाणी मचूळ आहे.

पहिल्या घोटाला कळलं. खारट म्हणावं इतकं नाही, गोडं तर नाहीच. समुद्र दोन गल्ल्यांवर आहे, दुसरं काय असणार? ते लोक ते पीत नाहीत. दोदोंगने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी पीत असताना आजी काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मिस पुरांनी सांगितलं, ती म्हणते, आमची सगळी पोरं याच पाण्यावर वाढली, म्हणून तोंडाने खारट आहेत.

तू मला काय लिहायला सांगितलं होतंस ते काकांना माहीत नाही. तू म्हणालास, "जाऊन ये आणि नाही लिही. कारण काहीही दे. पाण्याचं दे." हे म्हणताना तुला आठवलं की नाही ठाऊक नाही, मी फोनवर थांबले होते. मला आठवलं म्हणून थांबले.

माझ्यासाठी अर्नाळ्याचं घर पाहायला तू आणि पप्पा गेला होता. मी अठ्ठावीस वर्षांची होते. परत आलात. काकांनी ओट्यावरून विचारलं, "पाणी कसं?" तू म्हणालास, "मचूळ." पप्पांनी मान खाली घातली. ते विहिरीपर्यंत चालत गेलेच नसतील, त्यांचा पाय तेव्हा सुजलेला होता. तुझ्या शब्दावर बोलणी संपली. वहिनीने सुकेळी पुन्हा फडताळात ठेवली.

तू ते पाणी प्यायला होतास का, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. उत्तर काहीही असलं तरी मला आता त्याचा उपयोग नाही. मी चांगली जगले. दोन वर्षांनी सोहारला आले, पुस्तकं सांभाळली, तुझी मुलगी सांभाळली. तू परत गेल्यावर ती चार वर्षं माझ्याकडे राहिली. मला कुणी आई म्हटलं नाही आणि मला त्याची सवय झाली. पण त्या दिवाणखान्यात पेला हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मचूळ पाणी पिता येतं. वाईट लागतं. पण गिळलं की जातं. मग माणूस समोर पाहतो आणि समोर कोण बसलं आहे ते त्याला दिसतं.

समोर नेनिता बसली होती. तिचा जीव माझ्या घशाकडे लागला होता.

मला माहीत आहे तुझं दुखणं पाणी नाही. तू म्हणतोस, "ही माणसं हसतात, आत काय आहे कळत नाही." तू बंदरावर त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं काम केलंस आणि त्यांच्यातल्या एकाच्याही घरी जेवला नाहीस, कळणार कसं? पण तेही दुखणं नाही. तू वरचा मजला कॅन्डिससाठी बांधलास. तिला आवडते म्हणून पूर्वेची खिडकी मोठी ठेवलीस, फरशी इथून, सोहारहून पाठवलीस. त्या घरांची मी लिहिली ती गोष्ट खरी आहे, वरचे मजले बंद असतात. तुझाही राहील. हे मी टाळू शकत नाही. शहर कितीही चांगलं असलं तरी ते तुझ्या मुलीला घेऊन जाणार. त्याच्या नावातच ते आहे. पण मी पाहिलं, तिथे पळवून नेत नाहीत. सगळी गल्ली इस्त्रीचे कपडे घालून मागायला येते, आणि दारात थांबते.

तुझ्या घरी ते येऊ शकले असते तर तुझ्या दारात थांबले असते. तू आत घेतलं असतंस का?

सुकेळी मी परत आणायची ठरवली होती. तुझ्या शब्दाप्रमाणे. पाणी पिऊन झालं, पेला खाली ठेवला, वर खोलीत गेले. बॅग उघडली. त्या केळीच्या सोपाचा वास आला आणि मी पलंगावर बसले. खाली सगळे माझी वाट पाहत होते. पुन्हा कधी कुणी माझ्यासाठी इतका वेळ थांबेल असं वाटत नाही. मग ती घेऊन खाली आले आणि पहिलं आजीच्या हातात दिलं.

काका तुला विचारतील. ऐकू येत नसलं तरी ते विचारतील, ओट्यावर बसूनच. मी मोठ्याने वाचायच्या पानात फक्त पाणी प्यायले एवढंच लिहिलं आहे. ते कसं आहे हे मी लिहिलेलं नाही. ते मी तुझ्यावर सोडते. कॅन्डिसलाही मी पाण्याचं काही बोलले नाही. ती रोज विचारते, डॅडी पत्र कधी वाचणार. मी सांगते, गुरुवारी.

हे पान वाचून झालं की फाड किंवा ठेव. मी पुन्हा याच्याबद्दल बोलणार नाही.

*

काका, वहिनी, पुढचं ऐका.

चहा मी केला. मिस पुरांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या पातेल्यात, वसईसारखा, आलं घालून. त्यांना दुधाचा चहा माहीत नाही, तरी सगळे प्यायले. वहिनी, तुमची सुकेळी मी त्यांच्यात वाटली. आजीने खाल्लं आणि विचारलं, हे केळं की खजूर? दोदोंगने तिला सांगितलं, केळं, पण आखातात जाऊन आलेलं. मी त्याला समजावलं की ही उन्हात वाळवलेली वसईची राजेळी आहेत, आखाताचा काही संबंध नाही. त्याने ऐकलं नाही. त्या घरात आता ती तशीच ओळखली जातील.

निघताना नेनिताने मला केळीच्या पानातल्या त्या उकडीच्या वळ्या बांधून दिल्या. मनिलाच्या विमानतळावर मी पहिली खाल्ली. गोड होती. उरलेल्या सोहारला येईतो टिकल्या नाहीत, म्हणून तुम्हाला पाठवता येत नाहीत.

रोनेल मला घ्यायला मस्कतला आला होता. सोहार जवळ आल्यावर तो म्हणाला, "मॅम, माय अंकल सेज यू ड्रँक इट." मी हो म्हटलं. मग तो गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबला. रस्ता मोकळा होता, थांबायचं काही कारण नव्हतं.

बुधवारी राखेचा बुधवार आहे. उपवासकाळात लग्नं होत नाहीत, त्यामुळे घाई नाही. ईस्टरनंतर भुईगावच्या चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचे पुकार वाचायचे की नाही ते तुम्ही ठरवून फादरना सांगा. ते लोक आपल्या मनोऱ्याखालच्या चर्चमध्ये त्याच रविवारी वाचतील. त्यांना मी कळवीन.

घर पाहिलं. माणसं पाहिली. शहर पाहिलं, ते मला आवडलं. पाणी प्यायले.

बाकी काय विचारायचं ते दादाला विचारा. या वेळी उत्तर तो देईल.

मुलीकडची,
ब्रिजेट